पुढे ढकललेली बाली सहल: आगुंग ज्वालामुखी आणि सांगलीचा एक गट

पार्श्वभूमी

२०१७ च्या जूनमध्ये सांगलीतल्या एका छोट्या सहल आयोजकाने बालीसाठी नावं घ्यायला सुरुवात केली. भाऊबीज उरकली की निघायचं आणि शाळा उघडायच्या आत घरी, असा बेत होता. तीसेक माणसं जमली. मार्केट यार्डातले हळदीचे आणि बेदाण्याचे काही अडते सहकुटुंब, बँकेतून निवृत्त झालेली चार-पाच जोडपी, मिरजेचे एक डॉक्टर आणि आयुष्यभर भूगोल शिकवलेले एक सर. आयोजकाला सगळे आण्णा म्हणतात, इथेही तेच म्हणू. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गटाचे काही तपशील बदलले आहेत. डोंगराच्या तारखा आणि आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

आण्णांचा हात काशी, चारधाम, केरळ आणि अलीकडे दुबई-सिंगापूरवर बसलेला. ऑगस्टमध्ये तिकिटं निघाली आणि त्याच आठवड्यात प्रवास विमाही उतरवला गेला. पत्रकावर लेंपुयांगच्या देवळाची दुभंगलेली कमान आणि तिच्यामधून दिसणारा निळसर सुळका छापला होता. तोच आगुंग. त्याच्याबद्दल पत्रकात एक ओळ नव्हती, आणि ती असायला हवी होती असं तेव्हा कोणालाही वाटलं नसतं. १९६४ च्या जानेवारीपासून तो शांत होता.

डोंगर कसा आहे

आगुंग तीन हजार मीटरहून उंच, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोन पटीहून जास्त. तो ज्या रांगेत उभा आहे ती सुमात्रापासून जावा-बालीवरून पूर्वेकडे जाते. या बेटांच्या दक्षिणेला समुद्रतळाशी पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीखाली वर्षाला सहा-सात सेंटीमीटरच्या गतीने शिरते आहे. खाली जाणाऱ्या खडकातलं पाणी बाहेर पडतं आणि वरच्या तप्त आवरणात मिसळतं. त्याने तिथला खडक कमी तापमानालाच वितळू लागतो. असा तयार झालेला शिलारस वर येता येता सिलिकाने दाट होतो, चिकट होतो आणि त्यात विरघळलेली वाफ आणि वायू सहजासहजी सुटत नाहीत. कोंडलेला वायू एकदम सुटला की स्फोट होतो.

आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण घराणं वेगळं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लांबलचक भेगांतून पातळ बेसाल्ट वाहत आला आणि थरावर थर चढत गेले. अजिंक्यताऱ्यावर उभं राहून यवतेश्वराकडे पाहिलं तर त्या आडव्या पायऱ्या आजही मोजता येतात. तिथे सुळका नाही, विवर नाही, आणि खाली शिलारसही उरलेला नाही. सरांना हे सहलीच्या बैठकीत दोनदा सांगावं लागलं, कारण पहिला प्रश्न "मग आपला डोंगर कधी फुटणार?" असाच आला.

आगुंगचा शेवटचा मोठा उद्रेक १९६३ चा. १८ फेब्रुवारीला सुरुवात झाली, त्यानंतर उत्तर उतारावर लाव्हा वाहिला आणि १७ मार्चला प्रचंड स्फोट झाला. १६ मे रोजी दुसरा. माणसं मेली ती मुख्यतः लाव्ह्याने नव्हे. उतारावरून वाऱ्याच्या वेगाने धावणारा तप्त राखेचा आणि वायूंचा लोंढा आणि पावसाने राख कालवून आलेला चिखल, या दोन्हींनी एक हजाराहून जास्त जीव घेतले. वर उडालेल्या गंधकाच्या सूक्ष्म कणांनी त्यानंतरच्या काळात जगाचं तापमान अंशाच्या काही दशांशांनी उतरवलं. उतारावरचं बेसाकिहचं मोठं देऊळ मात्र वाचलं.

अडचण

२०१७ च्या ऑगस्टपासून आगुंगखाली भूकंपांची संख्या वाढू लागली. इंडोनेशियाची ज्वालामुखी निरीक्षण यंत्रणा चार पायऱ्यांत इशारा देते. १४ सप्टेंबरला पातळी दोन झाली, १८ ला तीन आणि २२ सप्टेंबरला चार, म्हणजे सर्वोच्च. विवरापासून ९ किलोमीटर आणि काही दिशांना १२ किलोमीटरपर्यंतचा भाग रिकामा करायचा आदेश निघाला आणि लाखाहून जास्त लोक घरदार, गुरं सोडून छावण्यांत गेले. महिनाअखेरीस दिवसाला हजारभर धक्के नोंदले जात होते.

२२ तारीख म्हणजे घटस्थापनेचा दुसरा दिवस. इकडे व्हॉट्सअॅपवर आग ओकणाऱ्या डोंगरांचे व्हिडिओ फिरू लागले. त्यातले बरेचसे आगुंगचे असणं शक्यच नव्हतं, कारण तो अजून फुटलाच नव्हता. आण्णांचा फोन थांबेना. दसऱ्याच्या आधी विश्रामबागेत एकाच्या घरी सगळे बसले.

बैठकीत दोन टोकं पडली. एका अडत्याचं म्हणणं, "कोयनेला रोज हलतंय, काय फुटलंय का? उगं घाबरायलाय सगळे." हा युक्तिवाद सातारा-सांगलीत कोणालाही पटेल असा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ज्यांनी अनुभवला ती माणसं इथे आहेत, आणि त्यानंतर जमीन हलण्याची इथल्या लोकांना सवय झाली आहे. पण कोयनेचे धक्के बेसाल्टच्या थराखालच्या जुन्या ग्रॅनाइटमधल्या फटी सरकल्याने होतात आणि त्यांचा संबंध शिवसागर जलाशयाशी जोडला जातो. तिथे वर यायला शिलारस नाही. आगुंगखाली तोच सरकत होता. धक्क्यांचा आकडा सारखा दिसला तरी त्यामागचं कारण निराळं, हे सरांनी समजावलं आणि निम्म्या लोकांना पटलं.

दुसऱ्या टोकाला थेट पैसे परत मागणारे होते. मधल्यांचा प्रश्न एकच: "सर, त्यो फुटणार हाय का न्हाई, तेवढं सांगा."

सर म्हणाले, "ते तिथले शास्त्रज्ञही सांगू शकत नाहीत."

त्यावर डॉक्टरांनी हळूच विचारलं, की विमानतळ बंद पडला तर आपण काय करायचं? तेवढ्यात चहा आला आणि विषय पैशांवर गेला. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. बालीचा देनपसारचा विमानतळ आणि पर्यटक उतरतात ती कुट्याची हॉटेलं आगुंगपासून साठेक किलोमीटरवर आहेत, सांगली-कोल्हापूरपेक्षा थोडी जास्तच. तिथे लाव्हा किंवा तप्त लोंढा पोचण्याचा धोका जवळजवळ नव्हता. खरा धोका राखेचा, आणि तोही विमानांना. ज्वालामुखीची राख म्हणजे दगड-काचेची बारीक पूड. जेट इंजिनच्या आतल्या उष्णतेत ती वितळते, पुढे पात्यांवर गोठून चिकटते आणि हवेची वाट अडवते. जून १९८२ मध्ये जावातल्या गालुंगगुंगच्या राखेत शिरलेल्या एका जंबो विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती. ते राखेतून खाली आल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली, म्हणून माणसं वाचली. तेव्हापासून राख दिसली की विमानतळ धोका पत्करत नाहीत. म्हणजे गटाने विचारायचा प्रश्न "फुटला आणि वारा आपल्याकडे असला, तर आपण किती दिवस अडकू आणि ते दिवस कसे काढू?" असा होता. तो विचारला गेला, पण कोणी पुढे नेला नाही.

पर्याय

ठरल्याप्रमाणे जाणं, रद्द करणं, ठिकाण बदलणं आणि पुढे ढकलणं, असे चार मार्ग होते.

पहिल्यावर बायकामंडळींनी, विशेषतः मुलं नेणाऱ्यांनी, सरळ नकार दिला. रद्द केलं तर हॉटेलांची आगाऊ रक्कम आणि तिकिटाचा मोठा भाग बुडत होता. थायलंडला वळवायचं तर बालीतल्या व्यवस्थापकाकडे अडकलेले पैसे सुटणार नव्हते. राहिलं पुढे ढकलणं. विमान कंपनी वर्ष संपायच्या आत एकदा तारीख फुकट बदलून द्यायला तयार होती. हॉटेलवाल्यांचा हंगाम असाही बसलाच होता, तेही राजी झाले.

पुढे ढकलण्याची किंमतही होती. शाळकरी मुलं असलेली कुटुंबं गळाली. अडत्यांना दिवाळीच्या सुमारास सौदे बंद असतानाच मोकळीक मिळते, त्यामुळे त्यातलेही काही कमी झाले. गट विसाच्या आसपास आला.

पहिला निर्णय: सहल पुढे ढकलली

हा निर्णय ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाला. पुढे काय घडलं ते माहीत असलेल्याला तो चुकीचा वाटेल: ऑक्टोबरमध्ये आगुंग फुटलाच नाही, विमानतळ चालू होता, मूळ तारखेला गेलेले पर्यटक छान फिरून आले. पण सर्वोच्च इशारा चालू असताना लहान मुलांना घेऊन न जाणं, हे त्या दिवशीच्या माहितीवर बरोबरच होतं. निकालावरून निर्णय तोलायचा नाही एवढी शिस्त इथे पाळायला हवी.

दुसरा निर्णय: नवी तारीख

२० ऑक्टोबरनंतर भूकंप झपाट्याने उतरले आणि २९ ऑक्टोबरला पातळी चारवरून तीनवर आणली गेली. मराठी वाहिन्यांवर आणि ग्रुपवर याचा अर्थ "धोका टळला" असा पोचला. आण्णांनी दोन दिवसांत तारीख पक्की केली: २२ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईहून निघायचं, २७ ला परत.

कच्चा दुवा हा आहे. १८ सप्टेंबरला पातळी तीन झाली तेव्हा याच गटाची झोप उडाली होती. ऑक्टोबरअखेर तीच पातळी तीन दिलासा ठरली, कारण ती चारवरून उतरून आलेली होती. डोंगर १४ सप्टेंबरच्या आधीच्या स्थितीत परतलेला नव्हता. शिवाय भूकंप कमी होण्याचे दोन अर्थ निघतात. शिलारस वर यायचा थांबला, हा एक. त्याने खडक फोडून वाट करून घेतली, आता तोडायला फारसं काही उरलं नाही, हा दुसरा. तिथले शास्त्रज्ञ पातळी एकवर न आणता तीनवर थांबले ते यासाठीच. पुढच्या वर्षांतल्या उपग्रह अभ्यासांनी दाखवलं, की त्या शरदात आगुंग आणि शेजारच्या बातुर ज्वालामुखीच्या दरम्यान खोलवर शिलारसाची एक भिंत घुसली होती आणि वरची जमीन काही सेंटीमीटर उचलली गेली होती. हे आण्णांना ऑक्टोबरमध्ये कळणं शक्यच नव्हतं. पातळी तीन म्हणजे काय, हे मात्र यंत्रणेच्या पत्रकात लिहिलेलं होतं.

याच वेळी आणखी एक काम घाईत झालं. तारखा बदलल्याने ऑगस्टची विमा पॉलिसी रद्द करून नवी काढली. एजंट म्हणाला, "तेवढ्याच पैशात होतंय." कोणी कलमं वाचली नाहीत.

तिसरा निर्णय: २१ नोव्हेंबरची रात्र

२१ नोव्हेंबरला, आपल्याकडे दुपारचे अडीच वाजले असताना, आगुंगच्या विवरातून सुमारे सातशे मीटर उंच करडा लोट उठला. त्रेपन्न वर्षांनंतरचा पहिला उद्रेक. तापलेल्या भूजलाची वाफ होऊन झालेला हा स्फोट होता, ताजा शिलारस बाहेर आलेला नव्हता. पातळी तीनच राहिली, विमानतळ चालू राहिला.

गट दुसऱ्या दिवशी सकाळी बसने मुंबईला निघायचा होता. बॅगा भरलेल्या, भडंगाच्या पिशव्या बांधलेल्या. आता नाही म्हटलं तर सगळेच पैसे जाणार होते. रात्री दहाला फोनवर चर्चा झाली. दोन जोडप्यांनी माघार घेतली, बाकीचे निघाले. सरांनी ग्रुपवर लिहिलं, "डोंगराच्या जवळ जायचं नाही, मास्क घ्या." मास्क घेतले गेले. जादा दिवसांची औषधं घ्या असं कोणी लिहिलं नाही.

एक गोष्ट इथे स्वस्तात होऊ शकली असती. परतीचं एखादं तिकीट बालीऐवजी पूर्व जावातल्या सुराबायाहून निघणारं, निदान चौकशी करून ठेवलेलं, आणि बालीतल्या व्यवस्थापकाकडून बसचा शब्द घेतलेला. एका फोनचं काम.

बालीत

पहिले तीन दिवस बिनघोर गेले. २५ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, गट बेटाच्या दक्षिण टोकाला उलुवातूच्या कड्यावर केचक हे बालीचं पारंपरिक नृत्य बघत होता, तेव्हा मोठा उद्रेक झाला. या वेळी शिलारस विवरात पोचलेला होता. रात्री ढगांच्या पोटाला लालसर उजेड दिसत होता म्हणे. यांच्या हॉटेलमधून काहीच दिसलं नाही, सांगलीहून फोन आले तेव्हा कळलं.

रविवारी, २६ ला, वारा राख पूर्वेला शेजारच्या लोंबोक बेटाकडे नेत होता. तिथला विमानतळ बंद झाला, देनपसारचा चालू होता. काही कंपन्यांनी आपणहून उड्डाणं रद्द केली. परतीचं विमान एक दिवस अलीकडे घेता येतं का, हे बघायची शेवटची वेळ ही. आण्णांनी मुंबईच्या तिकीट एजंटला फोन लावला, ऑफिसला रविवारची सुट्टी. कंपनीच्या स्थानिक कचेरीत स्वतः जायचं त्यांच्या मनात आलं, पण गट खरेदीला निघालेला आणि दुभाष्या त्यांच्याबरोबर. ते राहिलं.

सोमवारी सकाळी सहाला पातळी पुन्हा चार झाली आणि सातच्या सुमारास विमानतळ बंद झाला. जावाच्या दक्षिणेला चेंपाका नावाचं चक्रीवादळ आलं होतं, त्याने वारे फिरवले आणि राख नैऋत्येला, थेट विमानतळाच्या दिशेने आली. त्या एका दिवसात चारशेहून जास्त उड्डाणं रद्द झाली, सुमारे ५९,००० प्रवासी अडकले. विमानतळाच्या आवारात कर्मचारी उघड्यावर पांढरा कागद ठेवून त्यावर राख पडते का बघत होते. डॉक्टरांनी जवळ जाऊन पाहिलं तर बोटाला लागेल न लागेल एवढी करडी धूळ. एवढ्याने अडवलं म्हणून एक अडते वैतागले, तेव्हा सरांनी त्यांना गालुंगगुंगची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. ती सप्टेंबरच्या बैठकीत सांगायची होती.

चौथा निर्णय: थांबायचं की रस्त्याने जायचं

बसने पश्चिमेला गिलिमानुक, तिथून फेरीने जावा, पुढे बसने सुराबाया. एरवी बारा-चौदा तासांचा रस्ता, त्या दिवशी गर्दीमुळे किती लागतील सांगता येत नव्हतं. विमानतळ चोवीस तासांसाठी बंद जाहीर झाला होता आणि बंदी वाढत जाणार हे बहुतेकांना उघड दिसत होतं.

गट फुटला. तरुण आणि धंद्याची घाई असलेले सोमवारी दुपारी निघाले. सत्तरीच्या काकू-काका, एक इन्सुलिनवर असलेल्या ताई आणि त्यांच्यासाठी थांबलेले डॉक्टर मागे राहिले. आण्णा कोणाबरोबर जाणार यावर थोडी धुसफुस झाली, ते मागे राहिले. हा निर्णय मला चांगला वाटतो. सगळ्यांना एकाच बसमध्ये कोंबण्याचा आग्रह कोणी धरला नाही आणि डॉक्टर कुठे असावेत हे आधी ठरलं.

मागे राहिलेल्यांची अडचण औषधांची. भडंग पुरला, गोळ्या संपल्या. चिठ्ठीवर कंपनीची नावं होती, आणि ती तिथल्या दुकानात कोणाला कळेनात. डॉक्टरांनी प्रत्येक गोळीचं मूळ औषधाचं नाव आणि मात्रा रोमन अक्षरांत लिहून दिली, तेव्हा काम झालं. भारताच्या बालीतल्या वाणिज्य दूतावासाने विमानतळावर मदतकक्ष उघडला होता, तिथे नावं नोंदवली.

निकाल

बसवाले रात्रभर प्रवास करून मंगळवारी सुराबायाला पोचले आणि महागडी एकेरी तिकिटं काढून बुधवारी मुंबईत उतरले. वारा फिरल्यावर बुधवारी, २९ ला दुपारी, देनपसारचा विमानतळ उघडला. साठलेल्या गर्दीत मागच्यांना १ डिसेंबरची जागा मिळाली, जादा भाडं न देता. हॉटेलचा खर्च मात्र पदरचा. कोणाला इजा झाली नाही.

विमा कंपनीने दोन्ही गटांचे दावे फेटाळले. पॉलिसी काढली तेव्हा आगुंगचा इशारा जाहीर झालेला होता, आणि आधीपासून माहीत असलेल्या घटनेचं नुकसान भरपाईत बसत नाही, असं कलम होतं. ऑगस्टची पॉलिसी सप्टेंबरच्या इशाऱ्याआधीची होती. ती रद्द न करता तिच्यावर तारखा बदलून घेता आल्या असत्या का, हे कोणी तेव्हा विचारलंच नाही.

खर्चावरून कुरबुर झाली. बसवाल्यांनी तिकिटांचे पैसे आण्णांकडे मागितले, आण्णांनी दिले नाहीत. मागे राहिलेल्यांच्या हॉटेलचा निम्मा खर्च त्यांनी आपल्या नफ्यातून उचलला. यावरून एक गिऱ्हाईक कायमचं तुटलं.

वेगळं काय करता आलं असतं

नवी तारीख ठरवताना उंबरठे आधी लिहून ठेवायला हवे होते: पातळी दोनवर उतरल्याशिवाय तारीख पक्की करायची नाही, निघायच्या आदल्या दिवशी उद्रेक झाला तर बुडणारी रक्कम कोण किती सोसणार, बालीत असताना लोंबोकचा विमानतळ बंद झाला तर त्याच दिवशी परतीची हालचाल सुरू करायची. रात्री दहाला बॅगा भरलेल्या असताना या गोष्टी नीट ठरत नाहीत.

पातळी दोनची अट घातली असती तर ही सहल २०१७ मध्ये झालीच नसती, कारण फेब्रुवारी २०१८ मध्येही पातळी चारवरून तीनवरच आली. फुकट तारीख बदलायची मुदत डिसेंबरला संपत होती, म्हणजे पैसे गेलेच असते. आण्णांना हे मी विचारलं. ते म्हणाले, "मग तसं सांगून गेलो असतो, की अडकू शकतो. ज्याला यायचं त्यानं यावं." हे उत्तर मला अटीपेक्षा जास्त पटतं. साठ किलोमीटरवरच्या पर्यटकासाठी आगुंग हा जिवाचा प्रश्न नव्हता, चार दिवसांचा आणि काही हजारांचा होता. तो तसा मांडला असता तर अडते हिशेबात पक्के, त्यांनी पाच मिनिटांत ठरवलं असतं.

आता आण्णांच्या अर्जात ठरल्या दिवसांपेक्षा आठवडाभराची जादा औषधं आणि मूळ नावांची चिठ्ठी सक्तीची आहे. विम्याच्या तारखा बदलायच्या झाल्या तर आधी लेखी विचारणा होते. बेटांच्या सहलीला बाहेर पडायचा दुसरा रस्ता पत्रकाच्या मागच्या पानावर छापतात. तो कोणी वाचत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.